बेन-हर की टेन कमांडमेंट्स: घरच्या टीव्हीवर पुन्हा बघायचा तर कुठला?

दोन्ही चित्रपट तुम्ही पूर्वी बघितलेत, आणि ईस्टरच्या किंवा नाताळच्या सुट्टीत त्यांतला एकच नीट, सलग बघायला सवड आहे, असं धरून लिहितो. दोन्हींत नायक चार्लटन हेस्टन, दोन्हींची लांबी साडेतीन तासांच्या पुढे, दोन्हींत सव्वादोन तासांच्या आसपास मध्यंतर. कथा सांगत बसत नाही.

नावलौकिक बघितला तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. विल्यम वायलरच्या बेन-हरला (1959) 11 ऑस्कर मिळाले. सेसिल बी. डमिलच्या टेन कमांडमेंट्सला (1956) एकच, तोही स्पेशल इफेक्ट्ससाठी. संगीतातही बेन-हरमधलं मिक्लोस रोझाचं काम टेन कमांडमेंट्समधल्या एल्मर बर्नस्टाइनच्या कामापेक्षा मला किंचित सरस वाटतं, अर्थात ही आवडीनिवडीची गोष्ट आहे. पण आपण थिएटरात बसणार नाही, दिवाणखान्यात बसणार आहोत. तिथे बेन-हरची एक अडचण आड येते आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. ती म्हणजे चित्राची उंची.

बेन-हर 65 मिमी निगेटिव्हवर, चित्र आडवं दाबणाऱ्या लेन्सने टिपलेला आहे. दाब काढून चित्र मूळ आकारात आणलं की रुंदी उंचीच्या 2.76 पट होते. आजच्या टीव्हीत हे प्रमाण 1.78 असतं. म्हणजे पडद्याच्या उंचीपैकी जेमतेम 64 टक्के चित्राला मिळतात, बाकी वर-खाली काळे पट्टे. 43 इंची टीव्ही साधारण 53 सेंटिमीटर उंच असतो. त्यात बेन-हरचं चित्र 34 सेंटिमीटरांत बसतं आणि प्रत्येक पट्टा 9 सेंटिमीटरांच्या पुढे जातो. फुल एचडीच्या 1080 रेषांपैकी चित्राच्या वाट्याला 700 सुद्धा येत नाहीत.

ही नुसती आकडेमोड नाही, बघताना ती जाणवते. नाझरेथच्या विहिरीजवळचा प्रसंग घ्या. तहानेने कोसळलेला नायक ज्यूदा, पाणी नाकारणारा रोमन अधिकारी, आणि तोंडाशी पाणी धरणारा सुतार, म्हणजे येशू. त्या सुताराचा चेहरा वायलर शेवटपर्यंत दाखवत नाही. तो उभा राहिला की सगळा परिणाम त्याच्याकडे बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायचा असतो: आधी जरब, मग गोंधळ, मग नजर वळवणं, पुन्हा एकदा बघणं. मोठ्या पडद्यावर हा प्रसंग अंगावर काटा आणतो. टीव्हीवर, 8 फुटांवर बसून, तो चेहरा इतका लहान होतो की नजर वळवण्यातली घालमेल निसटून जाते. रथांच्या शर्यतीत 9 रथ आहेत, प्रत्येकाला 4 घोडे. वेग कळतो, पण वळणावर कोण कुणाला कडेला दाबतंय ते डोळे ताणून शोधावं लागतं.

काही जण रिमोटवरचं झूम दाबून पट्टे घालवतात. ते करू नका. बाजूंचा मिळून एक तृतीयांशाहून जास्त भाग कापला जातो, आणि वायलरने माणसं मुद्दाम दोन टोकांना उभी केली आहेत. ज्यूदा आणि त्याचा बालमित्र मेसाला लांबलचक दालनाच्या दोन टोकांनी एकमेकांकडे येतात आणि मग तुळया जिथे एकमेकींना छेदतात तिथे भाले फेकतात. झूममध्ये ती मैत्री आणि तिच्यातलं अंतर दोन्ही अर्धवट दिसतं.

त्यापेक्षा खुर्ची पुढे ओढावी. एरवी 8 फुटांवर बसत असाल तर बेन-हरसाठी 5 फुटांवर या, म्हणजे चित्राची उंची डोळ्यांना नेहमीइतकी भासते. एकटे बघत असाल तर हे सहज जमतं. घरातली पाच माणसं 43 इंची टीव्हीसमोर 5 फुटांवर बसवायची, तर कडेच्या दोघांना तिरकं बघावं लागतं आणि साध्या एलसीडीवर त्यांना रंग फिके दिसतात. त्यात अंधाऱ्या खोलीत अशा टीव्हीचे काळे पट्टे राखाडी होतात. टीव्हीच्या मागे मंद दिवा लावला तर ते बरेच दबतात. ओएलईडी, म्हणजे काळा भाग पूर्ण काळा ठेवणारा पडदा असेल तर हा त्रास नाही.

टेन कमांडमेंट्समध्ये यातलं काहीच करावं लागत नाही. तो व्हिस्टाव्हिजन नावाच्या पद्धतीने चित्रित केलेला आहे. 35 मिमीची फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते आणि एक चित्र फिल्मच्या कडेच्या 8 छिद्रांइतकी जागा घेतं. निगेटिव्ह मोठी म्हणून चित्रातला फिल्मचा दाणा बारीक, आणि प्रमाण असं की टीव्हीचा पडदा जवळपास काठोकाठ भरतो. इजिप्तचा राजा, म्हणजे फारो, सेती याच्यासमोरचा तराजूचा प्रसंग बघा. त्याचा मुलगा रामसेस मोशेवरच्या एकेका आरोपाबरोबर पारड्यात वजन टाकत जातो आणि मोशे दुसऱ्या पारड्यात एक वीट टाकतो. माणसं, तराजू आणि कापडी पडद्यामागचं उभं राहणारं शहर, सगळं एका चौकटीत, नेहमीच्या जागेवरून स्पष्ट दिसतं. आधी तो ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, उभा होतानाही तसंच. उंची हाच त्या दृश्याचा विषय आहे आणि ती तुम्हाला पूर्ण मिळते.

उणिवा आहेतच. चित्र स्वच्छ असल्यामुळे जोडकामही स्वच्छ दिसतं. तांबडा समुद्र दुभंगतो तिथे टाक्यांतून सोडलेलं पाणी उलटं चालवून दुसऱ्या चित्रांवर बसवलं आहे, आणि माणसांच्या कडा वेगळ्या पडलेल्या काही ठिकाणी दिसतात. टीव्हीची शार्पनेस खाली आणली की हे पुष्कळ सौम्य होतं. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, तीही बंद ठेवा, नाहीतर इजिप्तमध्ये हजारो माणसं घेऊन चित्रित केलेलं निर्गमन मालिकेसारखं दिसायला लागतं. संवाद भारदस्त, थोडे नाटकी आहेत, आणि डमिलचं स्वतःचं निवेदन काहींना जड जाईल. घरात मराठी पवित्र शास्त्र वाचलं जात असेल, तर मोशेच्या राजवाड्यातल्या तारुण्याबद्दल प्रश्न येतील. बायबलच्या निर्गम या पुस्तकात तो काळ जवळजवळ कोराच आहे. डमिल सुरुवातीला पडद्यासमोर येऊन फिलो आणि जोसीफस या प्राचीन ज्यू लेखकांची नावं घेतो ती यासाठीच. मात्र राजकन्या नेफ्रेतिरीचं मोशेशी प्रेमप्रकरण चित्रपटाने रचलेलं आहे.

दोन संध्याकाळींत बघायचा असेल तर मध्यंतरालाच थांबा. टेन कमांडमेंट्समध्ये ते जळत्या झुडपानंतर येतं, आणि दुसऱ्या दिवशी सरळ फारोच्या दरबारापासून सुरुवात होते. बेन-हरमध्ये मध्यंतरानंतर लवकरच शर्यत येते, म्हणून तोही तोडायला वाईट नाही. फक्त त्याच्या आरंभी मायकेलअँजेलोच्या आदामाच्या चित्रावर काही मिनिटं नुसतं संगीत वाजतं. चित्र अडकलं समजून पुढे ढकलू नका.

तेव्हा 43 किंवा 55 इंची टीव्ही आणि घरची मंडळी, असं असेल तर मी टेन कमांडमेंट्स लावेन. घरी प्रोजेक्टर आणि 3 मीटर रुंद मोकळी भिंत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बेन-हरचं चित्र जवळजवळ 109 सेंटिमीटर उंच होतं, आणि विहिरीजवळच्या त्या अधिकाऱ्याची नजर मागच्या खुर्चीवरूनही दिसते.