फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेआधीची तयारी : परळच्या एका केंद्राचा अनुभव

वडिलांच्या उजव्या फुप्फुसाचा कर्करोगग्रस्त भाग काढण्याचे ठरल्यावर आम्ही परळमधील एका केंद्रात पूर्वतयारीसाठी नाव नोंदवले आणि त्याचा उपयोग झाला, हे मी मनापासून सांगतो.

पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्यांना ६ मिनिटे चालायला लावून, आधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावून नोंदी घेतल्या आणि मगच व्यायाम ठरवले. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरमध्ये (श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणात) फुंकायचे नसते, तर नळीभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत ओढायचा आणि चेंडू वर धरून ठेवायचा असतो, हे त्यांनी शेजारी बसून करवून घेतले. शस्त्रक्रियेनंतर कफ साचून न्यूमोनिया होऊ नये, म्हणून छातीशी उशी धरून खोकण्याचा सरावही आधीच झाला. आहारतज्ज्ञांनी वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सांगितली आणि आमच्याच जेवणात अंडी, मूग, दही व मासे कुठे बसतील, तेही लिहून दिले.

तंबाखू सोडवण्यासाठी मात्र केवळ एक पत्रक हाती ठेवण्यात आले. तंबाखू बंद होणे हा या तयारीचा गाभा असल्याने ही उणीव मला गंभीर वाटते. तिथे समुपदेशक हवाच. बसायला खुर्च्याही अपुऱ्या आहेत. दम लागणाऱ्या रुग्णाला लोकलने आणणाऱ्यांनी दुपारची वेळ मागून घ्यावी. नाव नोंदवतानाच शस्त्रक्रियेची तारीख सांगावी, म्हणजे तयारीपायी उपचार लांबत नाहीत.