टॅप डेन्सिटी मशीन घेऊन सात महिने झाले, भोसरीतल्या छोट्या लॅबचा अनुभव

जानेवारीत आम्ही टॅप डेन्सिटीचं मशीन घेतलं (पावडर सिलिंडरमधे ठराविक वेळा आपटून ती किती खाली बसते ते मोजणारं), दोन सिलिंडरवालं, इथल्याच एका मेकरकडून. आता ऑगस्ट संपत आलाय म्हणजे उन्हाळा पावसाळा दोन्ही त्याच्यावर काढून झालेत, त्यामुळे लिहायला हरकत नाही. मेकरचं नाव टाकत नाही कारण मधे त्यांच्याशी बरीच वादावादी झाली आणि शेवटी त्यांनी काम नीट करून दिलं, तर उगाच कुणाच्या धंद्याला धक्का नको. पण मशीनबद्दल जे आहे ते सगळं लिहिते, कारण मी घ्यायच्या आधी मराठीत सोडाच, कुठेच धड कुणी लिहिलेलं सापडलं नव्हतं.

आमचं युनिट छोटं आहे, गोळ्या बनवतो, जास्त करून दुसऱ्यांच्या लोन लायसन्सवर (लायसन्स त्यांचं, कारखाना आमचा). लॅबमधे आम्ही तिघं. मशीन यायच्या आधी मेजरिंग सिलिंडर हातात धरून रबरच्या मॅटवर शंभर वेळा आपटायचो आणि तोच टॅप्ड व्हॉल्यूम धरायचो. एकाच ब्लेंडचा (गोळीसाठी मिसळलेल्या पावडरचा) माझा कार इंडेक्स, म्हणजे आपटल्यावर व्हॉल्यूम किती टक्के कमी होतो तो आकडा, जितका कमी तितकी पावडर चांगली वाहते, १७ यायचा आणि माझ्या सहकाऱ्याचा २३. १६ ते २० म्हणजे फ्लो ठीक, २१ ते २५ म्हणजे कसाबसा चालवून घेण्यासारखा, म्हणजे कोण आपटतंय त्यावर पावडरची लायकी ठरायची! आणि त्यावरच आम्ही ग्लायडंट (पावडर नीट वाहावी म्हणून घालतात ते) टाकायचं की नाही ते ठरवत होतो.

मशीन घ्यायचं नक्की झालं ते डिसेंबरमधल्या एका बॅचमुळे. कॉम्प्रेशनला (पावडर दाबून गोळी काढताना) गोळीचं वजन सारखं वरखाली होत होतं, २५० मिलिग्रॅमच्या वरची गोळी म्हणजे आयपीप्रमाणे (इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचं पुस्तक) ५ टक्क्यांची लिमिट, आणि मशीनवरचे काका हॉपरला (पावडर भरायच्या वरच्या नरसाळ्याला) मॅलेट मारून मारून थकले. "मॅडम, पावडर उतरतच नाही, नुसती मधे बीळ पडतं आणि बाजूची तशीच टांगून राहते," असं ते म्हणाले, आणि रॅट होल म्हणतात ते अगदी हेच. वीस वर्षं प्रेसवर काढलेल्या माणसाला पावडर हातात घेऊन जे कळतं ते आमच्या कागदावर दिसत नव्हतं ह्याचं मला फार वाईट वाटलं.

आता मशीनचं काम. एका प्लॅटफॉर्मवर दोन २५० मिलीचे सिलिंडर बसतात, खाली कॅम (उंचवटा असलेलं चाक) फिरतो, सिलिंडर वर उचलतो आणि सोडतो. उंची दोन प्रकारची मिळते, १४ मिमी मिनिटाला ३०० टॅप किंवा ३ मिमी मिनिटाला २५० टॅप, आम्ही १४ वालं घेतलं. १०० ग्रॅम पावडर घालायची, सुरुवातीचा व्हॉल्यूम वाचायचा, मग १०, ५०० आणि १२५० टॅपला वाचायचा. ५०० आणि १२५० मधला फरक २ मिलीच्या वर असेल तर परत १२५० मारायचे. १२५० ला चार मिनिटांच्या थोडं वर लागतात, म्हणजे वेळेचं काहीच टेन्शन नाही. काउंटर, सेटिंग सगळं सोपं, एका दिवसात तिघंही शिकलो.

आवाज मात्र भयंकर आहे. मिनिटाला ३०० वेळा ठोका पडतो, शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही. साउंड कव्हरचे वेगळे पैसे लागतात, ते आम्ही वाचवले आणि महिन्याभरात घ्यावंच लागलं, तुम्ही आधीच घ्या. आणि कुठे ठेवताय ते बघा. आम्ही आधी लाकडी टेबलावर ठेवलं होतं तर सगळं टेबल थरथरायचं आणि पलीकडच्या बॅलन्सचं (वजनकाट्याचं) रीडिंग स्थिर व्हायचं नाव घेईना, शेवटी भिंतीकडच्या कडप्प्याच्या ओट्यावर हलवलं तेव्हा शांत झालं.

आता मुख्य तक्रार. मार्चमधे सहज म्हणून एकच ब्लेंड दोन्ही बाजूंना लावला. दोन्हीकडे सुरुवातीला २०८ मिली. १२५० टॅपनंतर डावीकडे १६२, उजवीकडे १७०. म्हणजे डावीकडे इंडेक्स २२, हाउसनर रेशो (आधीचा व्हॉल्यूम भागिले टॅपनंतरचा) १.२८, आणि उजवीकडे १८ आणि १.२२. पावडर एकच, मशीन एकच आणि ग्रेड वेगळी! मेकरला फोन केला तर म्हणाले मॅडम तुमचं सॅम्पलिंग सारखं नसेल. मग मी सिलिंडरांची अदलाबदल केली, पावडर परत नवीन घेतली, तरी कमी दाबली जाणारी बाजू उजवीच. म्हणजे दोष पावडरचाही नाही, काचेचाही नाही, प्लॅटफॉर्मचाच. शेजारच्या टूल रूममधून हाइट गेज (उंची मोजायचं साधन) मागून आणला (भोसरीत असण्याचा हा मोठा फायदा, दोन गाळे सोडून कुणाकडे तरी सगळं मिळतं) आणि मोजलं तर उजवीकडे उचल ११ मिमीच होती. १४ ला २ कमी जास्त चालतं, ११ नाही चालत. आणि मशीनबरोबर आलेलं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट नीट वाचलं तर त्यात एकाच बाजूची उंची मोजलेली!

तीन आठवडे फोन, मेल, परत फोन. मला खूप राग आला होता कारण त्या दोन महिन्यांत उजव्या बाजूला घेतलेले सगळे रिझल्ट आम्हाला डेव्हिएशनमधे (ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याच्या नोंदीत) टाकून परत करावे लागले. शेवटी सर्व्हिसचा मुलगा आला, त्याने स्वतः मोजलं आणि लगेच मान्य केलं, कॅम बदलला, दोन्ही बाजूंचं नवीन सर्टिफिकेट दिलं, एक पैसा घेतला नाही. त्यानंतर आजपर्यंत दोन्ही बाजूंत १ मिलीच्या वर फरक नाही. त्यामुळे मशीनला पाचपैकी चार, आणि एक कमी तो फक्त त्या सर्टिफिकेटसाठी. डिलिव्हरी घेतानाच दोन्हीकडची उंची समोर मोजून मागा.

दुसरं म्हणजे सिलिंडर. तो कुठलाही चालत नाही, त्याचं वजन २२० ग्रॅम, ४४ कमी जास्त, असं ठरलेलं असतं, कारण वजन बदललं की आदळण्याचा जोर बदलतो. आमचा एक फुटल्यावर पेठेतल्या एका दुकानातून २५० मिलीचाच आणला, तो भरला २९० ग्रॅम. परत करावा लागला. पावडर कमी असेल, नवीन एपीआय (मूळ औषध) असेल तर १०० मिलीचा सिलिंडर आणि त्याचा वेगळा हलका होल्डर लागतो, तो ऑर्डर करतानाच सांगा.

पण सगळ्यात जास्त चुका मशीन सुरू व्हायच्या आधीच होतात आणि हे मला कळकळीने सांगायचंय. टॅप्ड डेन्सिटी मशीन काढतं पण बल्क डेन्सिटी (न आपटता सैल भरलेल्या पावडरची घनता) तुमचा हातच काढतो. पावडर आधी १ मिमीच्या चाळणीतून हलक्या हाताने काढा म्हणजे गुठळ्या मोडतात, सिलिंडरमधे भसकन ओतू नका, वरचा थर स्पॅच्युलाने न दाबता सपाट करा, आणि सिलिंडर उचलून ओट्यावर ठेवतानासुद्धा टेकवा, आपटू नका. ओट्यावर एकदा नुसता टक्क झाला की चार पाच मिली खाली बसते आणि इंडेक्स तुमच्या बाजूने खोटा सुधारतो. आम्ही आता तीन वेळा करून सरासरी घेतो.

पावसाळ्यात ह्या मशीनची खरी किंमत कळली. मे महिन्यात इंडेक्स १८ असलेले ग्रॅन्युल (पावडरचे बांधलेले दाणे) जुलैत २३ ला गेले, फॉर्म्युला तोच, चाळणी तीच. एलओडी (वाळवल्यावर किती टक्के वजन घटतं, म्हणजे ओलावा) बघितलं तर १.८ चं ३.१ झालेलं. पुण्यात जुलैची हवा किती ओली असते ते आपल्याला माहितीये, ड्रम उघडा राहिला की संपलं. डीह्युमिडिफायर चालू ठेवून परत ड्राय केले आणि ०.५ टक्के कोलॉइडल सिलिका (हेच ग्लायडंट) ४० मेशच्या चाळणीतून काढून घातली तेव्हा इंडेक्स १७ वर आला. काकांनी त्या बॅचला हॉपरकडे एकदाही मॅलेट नेलं नाही.

एक गैरसमज मात्र ब्रोशरमुळे होतो. त्यात मोठ्या अक्षरात कॉम्प्रेसिबिलिटी टेस्टर लिहिलंय. कार इंडेक्सला कॉम्प्रेसिबिलिटी इंडेक्स म्हणतात हे खरं, पण तो पावडर किती बसते एवढंच सांगतो, त्याची गोळी घट्ट होईल का ते सांगत नाही. आमचे पॅरासिटामॉलचे एक ग्रॅन्युल इंडेक्स १३ चे, सुंदर वाहणारे, आणि प्रेसवर गोळ्यांच्या टोप्या उडत होत्या, म्हणजे वरचा थर सुटून येत होता. कारण तिथे प्रश्न वेगळा असतो, दाब काढल्यावर कण परत फुगतात का, आत हवा अडकलीये का, ग्रॅन्युल फार कोरडे झालेत का, बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) पुरतोय का. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज दाबलं की चेपून धरून ठेवतं, डायकॅल्शियम फॉस्फेट फुटून बसतं, हे सिलिंडर आपटून कधीच दिसणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या फोर्सला गोळ्या काढून हार्डनेस आणि जाडी मोजावीच लागते. नवीन मुलांनी इंडेक्स चांगला आला म्हणून बिनधास्त बॅच टाकू नये म्हणून लिहिलं.

अँगल ऑफ रिपोजचं (पावडरच्या ढिगाचा उतार किती अंशांचा ते मोजायचं) फनेल स्टँडपण हे लोक विकतात, ते आम्ही घेतलं नाही. काचेचं फनेल, स्टँड आणि आलेखाचा कागद ह्यावर होतं, फनेलचं टोक ढिगाच्या २ ते ४ सेंटिमीटर वर ठेवायचं आणि ढीग वाढेल तसं वर घ्यायचं. १० सेंटिमीटर व्यासाचा ३.९ उंच ढीग झाला तर ३८ अंश, म्हणजे ठीकठाक. दोन्ही टेस्ट एकमेकींशी जुळल्या तरच मी पुढे जाते.

बारीकसारीक गोष्टी: लाइट गेली की काउंटर शून्यावर येतो, आमच्याकडे गुरुवारी जाते त्यामुळे यूपीएसवर लावलंय. प्रिंटर थर्मल आहे, कागद काही महिन्यांत पुसट होतो, त्याच दिवशी झेरॉक्स काढून सही करून चिकटवा. आणि जादा सिलिंडर मशीनबरोबरच दोन मागून घ्या, नंतर आम्हाला एकासाठी पाच आठवडे थांबावं लागलं.