मॉस कॅम्पियन : बी खरं, पाकिटावरची ओळ खोटी

गेल्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेल्या मॉस कॅम्पियन या उशीसारख्या वाढणाऱ्या फुलझाडाच्या बियांबद्दल लिहिते. 40 बिया, 180 रुपये. पाकिटावर गुलाबी फुलांनी गच्च भरलेली उशी आणि खाली ठळक अक्षरांत ‘भारतात कुठेही, बारमाही’. त्या ओळीवर विसंबून घेतल्या.

निम्म्या बिया बेळगावात, टिळकवाडीतल्या आमच्या गच्चीवर सरळ मातीत पेरल्या. महिना गेला, एक उगवेल तर शपथ. मग वाचायला बसले. हे झाड आर्क्टिकचं, आल्प्स आणि रॉकीजच्या माथ्यांवरचं, कार्नेशनच्या कुळातलं. तिथं बी बर्फाखाली हिवाळा काढतं, थंडी भोगल्याशिवाय नीट रुजत नाही. उरलेल्या बिया ओल्या वाळूत घालून डबी सहा आठवडे फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे ठेवली. सासूबाई रोज विचारायच्या, “अगं, ह्या डबीत चटणी हाय काय?”

संक्रांतीनंतर डबी काढली, वाळू कागदी कपांत पसरली आणि बाराव्या दिवशी सात रोपं! सुईच्या टोकासारखी पानं, एकमेकांना बिलगून. सकाळी चहाआधी मी गच्चीवर. मार्च संपला तरी सगळ्यात मोठं रोप रुपयाच्या नाण्याहून लहानच होतं. त्यात त्याचा दोष नाही, वाढच तशी सावकाश. डोंगरावरच्या काही उशांचं वय तर तीनशे वर्षांच्या वर असल्याचा अंदाज आहे.

एप्रिलात ऊन तापलं तशी एकेक करत सगळी गेली. सावलीत ठेवली, ओलं गोणपाट बांधलं, तरी नाही. शेवटचं रोप कपातून काढताना हात थांबला. वर बोटाच्या पेराएवढंही नाही आणि मूळ कपाच्या तळातल्या भोकातून बाहेर आलेलं, दोऱ्यासारखं. वाऱ्यात खडकाची फट धरून राहायची त्याची तयारी होती. जमिनीला चिकटून अंगात ऊब साठवणाऱ्या झाडाला बेळगावचा एप्रिल कसा सोसावा?

म्हणून बियांना चार तारे, पाकिटाला एकही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी घेऊ नये; गच्चीवर गुलाबी गालिचा हवाच असेल तर चिनी गुलाब लावा, उन्हात खुलतो. थंड डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पण आधी फ्रिज.

पैसे परत मागितले नाहीत. ती ओळ बदला, एवढंच विक्रेत्याला दोनदा कळवलं. पाकीट अजून तसंच विकायला आहे.