मॅकरिची की जुरॉंग? सिंगापुरात तळ्याकाठी चालायचं तर

मुलाकडे किंवा लेकीकडे महिनाभर राहायला आलेल्या आईबाबांचं मरिना बे, सेंटोसा बेट आणि मुस्तफाचं दुकान पहिल्या आठवड्यातच उरकतं. मग मागणी येते ती साधी असते: झाडंपाखरं दिसावीत, शेजारी पाणी असावं आणि गुडघे बोलायला लागू नयेत. पाण्याच्या कडेने लाकडी फळ्यांची वाट, म्हणजे इथे सगळे ज्याला बोर्डवॉक म्हणतात तो, या मागणीत नेमका बसतो. सिंगापुरात त्यासाठी दोन जागांची नावं हमखास निघतात: मॅकरिची जलाशय आणि जुरॉंग लेक गार्डन्स. दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे, त्यामुळे पैशाचा मुद्दा इथेच मिटला. बाकी दोन्हींत फारसं साम्य नाही.

मॅकरिची हा सिंगापूरचा सर्वांत जुना जलाशय, 1868चा. एका नगरपालिका अभियंत्याचं नाव त्याला 1922मध्ये मिळालं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं रान राखलं गेलं, आणि त्यामुळे शहराच्या अगदी मध्यावर खरं जंगल शिल्लक आहे. चेम्पराई ट्रेल नावाचा बोर्डवॉक जलाशयाच्या कडेला चिकटून जातो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडी, आणि डोक्यावर बहुतेक वेळ सावली. भर दुपारीही इथे चालता येतं, सिंगापूरच्या उकाड्यात ही मोठीच सोय. नीट पाहिलंत तर काठावरच्या झुडपांत घटपर्णीचे, म्हणजे किडे पकडून खाणाऱ्या वनस्पतीचे, छोटे पेले लटकलेले दिसतात. फळीवर घोरपड आडवी आली तर थांबा, ती आपल्या चालीने जाते. सह्याद्रीत पक्षी पाहिलेल्यांना इथला भृंगराज लांब शेपटीवरून लगेच ओळखू येईल.

पण मॅकरिचीत बहुतेक पाहुण्यांची फसगत एकाच गोष्टीमुळे होते, ती म्हणजे ट्रीटॉप वॉक. झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरचा तो 250 मीटरचा झुलता पूल फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो बोर्डवॉकच्या टोकालाच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे जाऊन परत येईपर्यंत दहा किलोमीटरच्या आसपास चाल होते, त्यात चढउतार, मुळं आणि पायऱ्या. शिवाय पूल एकेरी आहे, पाऊल टाकलं की मागे फिरता येत नाही. सोमवारी बंद असतो आणि अधूनमधून दुरुस्तीलाही काढतात. साठी ओलांडलेल्या माणसाला ‘सोपी वाट आहे’ म्हणून तिकडे नेणं मला अन्यायच वाटतो. माझं मत विचाराल तर मॅकरिचीत पूल सोडूनच द्यावा. चेम्पराईवर तासभर रमावं आणि आल्या वाटेने परत फिरावं. जाताना नजरेतून सुटलेलं येताना दिसतंच.

दुसरी गोष्ट माकडांची. लांब शेपटीची ही माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊच असं धरून चालतात. डबा, केळी, शेव-चिवडा सगळं चेनच्या सॅकमध्ये ठेवा, आणि त्यांना खायला घालण्याचा मोह अजिबात नको. ते बेकायदा आहे आणि दंड हजारो डॉलरचा होऊ शकतो. देवळाबाहेर माकडांना फुटाणे द्यायची सवय असलेल्या आजीला हे आधी समजावून सांगावं लागतं.

जुरॉंगचं तळंही माणसानेच केलेलं, 1971च्या सुमारास नदी अडवून. त्याच्या काठची आजची बाग तर अगदी अलीकडची आहे. पश्चिमेचा लेकसाइड गार्डन हा भाग 2019मध्ये खुला झाला, आणि जुन्या चिनी व जपानी बागा नव्या रूपात 2024मध्ये उघडल्या. ‘लावलेला निसर्ग’ म्हणून काही निसर्गप्रेमी नाक मुरडतात. मुरडू द्या. पक्ष्यांना बागेचं वय ठाऊक नसतं.

इथला बोर्डवॉक म्हणजे रसाऊ वॉक, सुमारे 300 मीटरचा. रसाऊ ही केवड्याच्या कुळातली, पाण्यात पाय रोवून वाढणारी वनस्पती. कोकणातल्या माणसाला तिची लांब काटेरी पानं अनोळखी वाटणार नाहीत. वाट सपाट आणि रुंद आहे, त्यामुळे व्हीलचेअर किंवा बाबागाडी आरामात जाते. चेम्पराईवर हे जमणार नाही. लगतच्या गवताळ भागात सुगरणींचे खोपे लटकतात, पाण्यात बगळे स्थिर उभे असतात, आणि नशीब असेल तर पाणमांजरांचं कुटुंब मासे फस्त करताना दिसतं. ही पाणमांजरं भारतातही आहेत, पण तिथे ती माणसाला पाहून दडी मारतात. सिंगापुरातली मात्र चालणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत निवांत जेवतात.

जुरॉंगची उणीव म्हणजे ऊन. सावलीचे तुकडे आहेत, पण सलग छत्र नाही. नऊनंतर इथे चालणं म्हणजे शिक्षा. तळ्यापलीकडे इमारती आणि मेट्रो दिसत राहतात, त्यामुळे शहर विसरायला आलेल्याचा हिरमोड होईल. उलट नातवंडं बरोबर असतील तर इथल्याइतकी सोय मॅकरिचीत नाही. खेळायची मोठी जागा आहे, पाण्यात डुंबायला वेगळा कोपरा आहे, आणि हिरवळीवर बसून डबाही निवांत खाता येतो.

पोहोचण्यातही जुरॉंग उजवं. लेकसाइड मेट्रो स्टेशनातून थोडं चाललं की बाग लागते. मॅकरिचीला कॅल्डेकॉट किंवा मेरीमाउंट स्टेशनवरून रस्त्याकडेने बरंच चालावं लागतं, त्यापेक्षा बस किंवा टॅक्सी बरी.

सुंगेई बुलोहचं नावही कुणीतरी सुचवेल. जागा सुरेख आहे, मगरीही दिसतात, पण ते खारफुटीचं आणि खाडीचं जग आहे. स्थलांतरित पक्ष्यांसाठी सप्टेंबर ते मार्च या काळात वेगळा दिवस काढून तिथे जावं.

तर निवड अशी करा. बरोबर व्हीलचेअर, दुखरे गुडघे किंवा लहान मूल असेल तर दुसरा विचार न करता जुरॉंग. दोघंच असाल, चालायची सवय असेल आणि गर्द झाडीची ओढ असेल तर मॅकरिची, पुलाशिवाय. पाखरं मोजायची असतील तर मी जुरॉंग म्हणेन, कारण मोकळ्यावर ती सहज दिसतात. जंगलात आवाज खूप ऐकू येतात आणि पक्षी क्वचितच दिसतो.

वेळेचं एक लक्षात घ्या. सिंगापुरात सूर्य वर्षभर सातच्या सुमारासच उगवतो. आपल्या सवयीने साडेपाचला बूट घालून तयार झालात तर बाहेर मिट्ट काळोख असेल. मॅकरिचीच्या वाटा सातलाच उघडतात, तेव्हा चहा सावकाश घ्या. दुपारी ढग गडगडू लागले, तर दोन्हीकडे पाण्याजवळून लगेच निघा. इथे विजा भरपूर पडतात आणि भिजलेल्या फळ्या फार निसरड्या होतात. चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला.