क्वीन्सटाउन ते मिलफर्ड साउंड, भाड्याच्या गाडीने

गाडीला पाचपैकी साडेचार, रस्त्याला पाच, गाडी देणाऱ्या कंपनीच्या काउंटरला तीन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझा अनुभव त्यांच्या एकाच काउंटरचा आहे. पण नाशिकहून कुणी न्यूझीलंडला निघालं असेल तर पुढचं सगळं कामाला येईल.

आमचं द्राक्षांचं पॅकहाउस दिंडोरी रोडला आहे. एप्रिलमध्ये हंगाम आटोपल्याशिवाय आम्हाला घर सोडता येत नाही, आणि तिकडे तेव्हा शरद ऋतू असतो. घरच्यांना ग्रुप टूर हवी होती. मी म्हटलं, दक्षिण बेटावर गाडी भाड्याने घेऊ, मी चालवते. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, सगळं आपल्यासारखंच. पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, तो वर्षभर चालतो. सोबत मूळ लायसन्स हवंच. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, नवऱ्याच्या कार्डावर माझ्या नावाची गाडी देत नव्हते.

क्वीन्सटाउन विमानतळावरच्या काउंटरवर मला बुक केलेल्या पेट्रोल गाडीऐवजी त्याच भाड्यात मोठी डिझेल गाडी देऊ केली. "डिझेल स्वस्त पडेल," असंही सांगितलं. पंपावर ते खरंच स्वस्त दिसतं, कारण तिथे डिझेलच्या दरात रस्त्याचा कर धरलेला नसतो. तो किलोमीटरवर वेगळा भरायचा असतो. हलक्या गाडीला हजार किलोमीटरमागे 76 न्यूझीलंड डॉलर, आणि भाड्याची गाडी परत करताना ते आपल्याकडून वसूल होतात. मी विचारल्यावर त्यांनी हे मान्य केलं, आपणहून सांगितलं नाही. काउंटरचे गुण तिथेच कापले. आम्ही पेट्रोलचीच छोटी ऑटोमॅटिक घेतली आणि तिने कुठेही दगा दिला नाही.

विम्यात मात्र कंजुषी करू नका. साध्या विम्यात नुकसान झालं तर पहिले काही हजार डॉलर आपल्या खिशातून जातात. रोज थोडे जास्त भरले की ती रक्कम खाली येते. काच आणि टायर त्यात धरलेत का, ते वाचूनच सही करा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडसारख्या काही रस्त्यांवर गाडी नेली तर विमा लागूच होत नाही, तेही कागदावर लिहिलेलं असतं.

आता रस्ता. मिलफर्ड साउंड म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, पण मध्ये डोंगर आडवे, त्यामुळे गाडीने जवळपास 290. बसवाले एका दिवसात जाऊन येतात, माणूस पार पिळून निघतो. आम्ही वाटेतल्या 'ते आनाऊ' (Te Anau) या गावात मुक्काम केला. तिथून मिलफर्ड 120 किलोमीटर. टाकी तिथेच फुल करा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, पुढे बराच वेळ रेंज नसते.

एग्लिंटन खोऱ्यात शिरलो आणि सासूबाईंचं "थांब गं, थांब" सुरू झालं. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये सपाट पिवळं गवत. मिरर लेक्सला नावाची पाटी मुद्दाम उलटी लावली आहे, पाण्यातल्या प्रतिबिंबात ती सुलट वाचता येते. आईंनी ती मोठ्याने वाचून दाखवली. बसने गेलो असतो तर गर्दीत उभं राहून फोटो काढला असता आणि पुढे निघालो असतो. आम्ही तिथे डबा खाल्ला.

एकेरी पुलांवर एक नियम पाठ करा: पाटीवर आपल्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर आपण थांबायचं. मागे गाड्या साचल्या की जागा बघून डावीकडे घ्यायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं. हॉर्न कुणी वाजवत नाही.

होमर बोगद्याच्या तोंडाशी केआ आले. डोंगरात राहणारे हे हिरवट पोपट गाड्यांच्या रबरावर तुटून पडतात. एक बॉनेटवर उतरला, मान तिरकी करून आमच्याकडे बघितलं आणि वायपरचं रबर चोचीत धरून ओढायला लागला. पंख उघडले की आत केशरी. आईंनी चिवड्याची पुडी काढली, मी त्यांचा हात धरला. केआंना खायला घालणं वाईट, माणसांच्या खाण्याने ते आजारी पडतात. (चिवडा विमानतळावर फॉर्ममध्ये लिहून दाखवला होता. न लिहिता नेला तर 400 डॉलर दंड.)

बोगदा सव्वा किलोमीटरचा. 1935 मध्ये कुदळ-फावड्यांनी काम सुरू झालं, वाहतूक 1954 मध्ये. आत अजूनही उघडा कातळ दिसतो, पाणी ठिबकतं आणि पूर्ण वाट उताराची. बाहेर पडल्यावर वळणं आणखी खाली उतरतात. गिअर हाताने खालचा ठेवा, सारखा ब्रेक दाबू नका. वणीच्या गडाचा घाट उतरणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही.

खाली पाऊस होता. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, इगतपुरीच्याही कितीतरी वर. पाऊस बघून कुणी हिरमुसू नका. सरी आल्या की कड्यांवरून जागोजाग धबधबे सुटतात, आणि ते बघायलाच इतक्या लांब यायचं. मे ते नोव्हेंबर मात्र या रस्त्यावर टायरला लावायच्या साखळ्या सोबत ठेवाव्या लागतात, तेव्हा आमच्यासारखं एप्रिलअखेर गेलेलं बरं.

गाडी परत दिली तेव्हा सगळं ठीक म्हणाले. नाशिकला आल्यावर काचेवरच्या टिचक्याचे पैसे कार्डावरून कापल्याचा मेल आला. गाडी घेताना मी चारही बाजूंनी व्हिडिओ काढला होता, त्यात तो टिचका स्पष्ट दिसत होता. व्हिडिओ पाठवला, पैसे परत आले, पण दोनदा आठवण करून द्यावी लागली. तुम्हीही व्हिडिओ काढा, काच जवळून घ्या, आणि काउंटरवरच्या माणसाला तो टिचका कागदावर लिहायला लावा.