पिझो व्हॉल्व्हच्या सिम्युलेशनसाठी ओपनमॉडेलिका : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाळूज औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात हायड्रॉलिक पॉवर पॅक आणि प्रेसची कामे चालतात. पिझो स्टॅकच्या (व्होल्टेज दिले की किंचित लांबणाऱ्या चकत्यांच्या चळतीच्या) जोरावर मिलिसेकंदात उघडझाप करणारा डिजिटल व्हॉल्व्ह आमच्या प्रेसवर कितपत चालेल, हे महागडे भाग मागवण्याआधी संगणकावर तपासावे, या हेतूने मी गेल्या दिवाळीपासून ओपनमॉडेलिका हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरतो आहे. ते मोफत व मुक्तस्रोत आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आपल्याकडे त्याचा प्रसार करतो.

वीज, यंत्रभाग आणि तेल या तिन्हींची समीकरणे एकाच मॉडेलमध्ये एकत्र सुटतात, हा मला याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पिझो स्टॅकची लांबी पूर्ण व्होल्टेजला साधारण हजारात एक भाग वाढते, म्हणजे 100 मिमीचा स्टॅक जेमतेम 0.1 मिमी सरकतो. व्हॉल्व्हचा हलणारा झडपभाग (पॉपेट) ज्यावर टेकतो, त्या 10 मिमी व्यासाच्या सीटवर एवढ्या फटीतून 10 बार दाबफरकाला मिनिटाला सुमारे 6 लिटर तेल जाते. स्टॅक स्वतः अत्यंत चपळ असला, तरी विजेच्या दृष्टीने तो कपॅसिटर आहे. 10 मायक्रोफॅरडचा स्टॅक 150 व्होल्टपर्यंत एका मिलिसेकंदात भरायचा तर सरासरी 1.5 अँपिअर करंट लागतो, अ‍ॅम्प्लिफायर 0.3 अँपिअरचा असेल, तर त्याच कामाला 5 मिलिसेकंद जातात आणि चांगल्या सोलेनॉइड (विद्युतचुंबकीय) व्हॉल्व्हवर मात करण्याचा हेतूच उरत नाही. माहितीपत्रकातील कपॅसिटन्स बहुधा लहान व्होल्टेजवर मोजलेला असतो. पूर्ण व्होल्टेजवर तो बराच वाढतो, हेही हिशेबात धरावे लागते.

दुसरा प्रश्न नळीचा. 8 मिमी बोअरच्या नळीतून हे 6 लिटर तेल सेकंदाला 2 मीटर वेगाने वाहते. व्हॉल्व्ह एका मिलिसेकंदात बंद झाला की दाब 20 बारहून अधिक उसळतो, कारण तेलातील ध्वनिवेग सेकंदाला सुमारे 1300 मीटर आहे आणि दीड मीटर नळीतून लाट जाऊन परत यायला 2 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. अख्खी नळी एकच घनफळ म्हणून मांडली, तर ही लाट दिसतच नाही. तिचे दहा-वीस तुकडे पाडावे लागतात आणि मग गणना स्वाभाविकपणे मंदावते.

नव्या वापरकर्त्याने काही बाबी पहिल्याच दिवशी पाहून घ्याव्यात. मूळ सेटिंगमध्ये 1 सेकंदाच्या गणनेचे 500 भाग पडतात, म्हणजे आलेखावर दर 2 मिलिसेकंदांनी एक बिंदू येतो, आणि ज्या हालचालीसाठी सारा खटाटोप केला ती दोन बिंदूंच्या मध्ये हरवू शकते. दाबफरक शून्याजवळ आला की ऑरिफिसच्या (तेल जाण्याच्या अरुंद वाटेच्या) प्रवाह-सूत्रातील वर्गमूळाचा उतार अनंत होतो आणि सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा भाग) अडखळतो. तेथे मॉडेलिका लायब्ररीतील रेगरूट हे फंक्शन वापरावे. पॉपेट सीटवर आदळतो त्या ठिकाणी इलास्टोगॅप हा घटक पुरेसा आहे. पिझोचा हिस्टेरेसिस (व्होल्टेज चढताना आणि उतरताना लांबीत पडणारा फरक) दहा-पंधरा टक्के असतो, पण केवळ उघड-बंद कामासाठी त्याचे सविस्तर मॉडेल करण्यात वेळ घालवू नये.

आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी तेलाची चिकटाई मात्र तापमानानुसार बदलती ठेवावीच. 46 ग्रेडच्या तेलाची चिकटाई 40 अंशांना 46 सेंटिस्टोक असते. मे महिन्यात शेडमधील टाकी 60 अंशांवर गेली की ती निम्म्याहून खाली येते. पॉपेट आणि सीट यांच्यामधील तेलाचा पापुद्रा त्यामुळे आघात कमी झेलतो आणि पॉपेट सीटवर जोरात आपटतो. व्हॉल्व्हचे आयुष्य ठरवणारी ही गोष्ट थंड तेलावरच्या चाचणीत नीट दिसत नाही.

ज्यांच्या रचनेत नळ्या लांब आहेत, त्यांनी स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाचे हॉप्सन हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर पाहावे. ते नळीतील लाटेचा विलंबच गणिताचा आधार म्हणून वापरते, त्यामुळे अशी जाळी तेथे अधिक वेगाने सुटतात. स्टॅक, अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉपेट यांच्यासाठी मी पुढेही ओपनमॉडेलिकाच वापरणार आहे.