चांदी खरी, साल खोटं

780 युरो. वर तपासणीचे 45. ॲमस्टरडॅमच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतलेल्या, अंगठ्याएवढ्या चांदीच्या घोडागाडीपायी गेले.

अठराव्या शतकात इथले चांदीकारागीर श्रीमंतांच्या बाहुलीघरांसाठी असल्या चिमुकल्या वस्तू घडवत. अर्नोल्डस व्हान खेफेन हे त्यातलं गाजलेलं नाव, आणि विक्रेत्याने नेमकं तेच घेतलं. भिंगाखाली कारागिराचा शिक्का दाखवला, पुस्तकातल्या शिक्क्याशी जुळवून दाखवला. "साधारण 1740," म्हणाला.

त्या शिक्क्याला लागूनच इवल्याशा तलवारीचा शिक्का होता, चांदीच्या शुद्धतेचा सरकारी. मला दिसला! विचारलंसुद्धा. छोट्या वस्तूंवर तलवार मारायला लागले 1814 पासून, मग 1740 च्या गाडीवर ती आली कुठून? "नंतर कधीतरी पुन्हा तपासली असणार." पटलं मला. का नाही पटणार? जुन्या चांदीवर नंतरचे शिक्के असतातच. पण 1853 ते 1927 या काळात पुन्हा विक्रीला आलेल्या जुन्या डच चांदीवर मारत ती कुऱ्हाड, तलवार नव्हे! म्हणजे तलवार आहे तर गाडी घडलीच 1814 नंतर. दुकान थाटून बसलेल्या माणसाला हे माहीत नसतं होय? आणि चाकं झिजलेली, घोड्याचं नाक गुळगुळीत, कारागिराची अक्षरं मात्र काल ठोकल्यासारखी. हे बघा आधी. नुसत्या अक्षरांवर जाऊ नका, अक्षरं कोणीही ठोकतो.

मोठी वस्तू असेल आणि शुद्धतेच्या सिंहाच्या शिक्क्यात 1 किंवा 2 आकडा असेल, तर ती 1814 च्या आधीची नाही. मिनर्व्हा या रोमन देवीच्या डोक्याचा शिक्का असेल तरीही नाही. समोरचा काहीही सांगो.

पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. ग्राहक तक्रार केंद्राने बिल मागितलं. बिलावर फक्त 'चांदीची शोभेची वस्तू, 780'. साल नाही, कारागीर नाही. मग फसवणूक कसली, असं मलाच विचारलं! तपासणी कार्यालयाने 45 युरो घेतले आणि चांदी 833 ची, म्हणजे हजारात 833 भाग शुद्ध आहे, अभिनंदन, असं कळवलं. वय? ते आमचं काम नाही. मग कुणाचं? संग्रहालयाकडे विचारा. संग्रहालय म्हणतं, खासगी खरेदीवर मत देत नाही. या देशात सायकलच्या दिव्यासाठी दंड होतो, यासाठी कुणालाही वेळ नाही.

साल आणि कारागिराचं नाव बिलावर लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली की उठा.

विक्रेत्याला शेवटी फोन केला. गाडी 90 युरोला परत घ्यायची त्याची तयारी आहे म्हणे.